भोंगऱ्याच्या दिवशी मोजलेल्या गाड्या

बाजारचौकात वळले आणि मला वाटलं, मी रस्ता चुकले. ज्या गावात शाळा शिकले आणि पुढे त्याच शाळेत तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला, त्या गावात रस्ता चुकायचं काही कारण नव्हतं. पण समोर नुसतं ऊन होतं. जिथे पाच कडुनिंब उभे असायचे, तिथे जमिनीलगत कापलेले पाच गोल बुंधे दिसत होते आणि त्यांचा कडवट ओला वास चौकभर पसरला होता. हातातली भाजीची पिशवी मी खाली ठेवली. ठेवली कसली, सुटली. वांगी घरंगळत गटाराकडे गेली आणि मी ती उचललीही नाहीत.

सातपुड्याच्या पायथ्याचं आमचं हे तालुक्याचं गाव. नंदुरबारला जायला एसटीने तासभर. इथे माघ संपला की ऊन चटके द्यायला लागतं. त्या पाच निंबांच्या सावलीला गावात गाडीतळ म्हणत. माझ्या लहानपणी बाजारच्या दिवशी आमच्या खेड्यातून बैलगाडी यायची, ती तिथेच सुटायची. बैल जिवंत जनावर, त्याला उन्हात ताटकळत ठेवता येत नाही, म्हणून जिथे सावली तिथे गाडी, इतका साधा हिशोब होता. पुढे गाड्या गेल्या, मोटारसायकली आल्या, नाव मात्र गाडीतळच राहिलं.

मधल्या निंबाखाली चाचांचं सायकल दुरुस्तीचं ठाणं होतं. चाचा म्हणजे सगळ्या गावाचे चाचा. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांच्या वडिलांकडे तासावर सायकली मिळायच्या, आणि सहावीत असताना मी सायकल शिकले ती त्यांच्याकडच्या मुलांसाठीच्या, कमी उंचीच्या अर्ध्या सायकलीवर. तेव्हा मागून सीट धरून पळणारा मुलगा म्हणजे हेच चाचा. मी दोनदा निंबाला जाऊन धडकले होते. माझ्या हनुवटीवर अजून त्याची खूण आहे.

त्या सकाळी चाचा कापलेल्या बुंध्याशेजारी आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसले होते. हातगाडीवर पंप, पान्हे, टायरी, पाण्याचं घमेलं असं सगळं चढवून ठेवलेलं. डोक्यावर रुमाल. मला बघून ते उठले. त्यांच्या मागे नवी कोरी हिरवी पाटी लावली होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘हरित वाहनतळ. हवामान कृती आराखड्यांतर्गत.’ अक्षरांच्या बाजूला एक झाड काढलं होतं. छान गोल, डेरेदार झाड.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागावले की माझा आवाज चढतो, हे गावातल्या तीन पिढ्यांना ठाऊक आहे. झाडं कापून हवामान वाचवणारे हे कोण शहाणे, म्हणून मी भर चौकात विचारलं. पानवाल्याने मान खाली घातली. चाचा हळूच म्हणाले, “जाऊ द्या बाई. व्हई गयं ते व्हई गयं.”

मी जाऊ देणाऱ्यातली नाही. तशीच तरातरा पालिकेत गेले.

तिथला अभियंता नवा होता, बाहेरून बदलून आलेला. वागायला सभ्य. त्याने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि मी दहा मिनिटं जे काही बोलले ते सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक फाईल काढली आणि पहिलं पान उघडून माझ्यासमोर ठेवली.

“मॅडम, तुमच्याच अहवालावर तर हे केलंय,” तो म्हणाला.

पानावर माझंच वळणदार अक्षर होतं. फळ्यावर लिहून लिहून घोटलेलं. खाली माझी सही. मजकुरातलं एक वाक्य कुणीतरी पिवळ्या पेनाने रंगवलं होतं: ‘चौकात वाहने उभी करण्यास जागा नसल्याने ती जागेच्या शोधात फिरत राहतात व त्यात विनाकारण इंधन जळून धूर होतो.’

“इतक्या गाड्या जर रोज येणार असतील,” तो समजुतीने म्हणाला, “तर त्या एका जागी उभ्या राहायला नकोत का? तुमचा आकडा पाहूनच मोठा वाहनतळ मंजूर झाला. झाडांच्या बदल्यात रोपं लावणार आहोत, टेकडीकडे. आणि दुसऱ्या टप्प्यात दवाखान्यासमोरची जागाही घेतोय.”

दवाखान्यासमोर निंबांची दुसरी रांग आहे. मी पाणी मागितलं. पेला एका दमात रिकामा केला.

आता ती मोजणी कशी झाली ते सांगते, कारण ते न सांगता पुढे जाणं म्हणजे पुन्हा लपवाछपवी होईल.

आदल्या वर्षी पालिकेने हवामान आराखड्यासाठी नागरिकांची एक समिती केली होती. भूगोलाची बाई म्हणून मलाही बोलावलं. बैठकीत चहा-बिस्किटं झाली, तापमान वाढतंय यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग मी उठले. म्हटलं, नुसत्या माना डोलावून काय होणार? चौकातल्या गाड्या कमी करा. जीपा गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर थांबवा. चौक पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना द्या. कुणीतरी विचारलं, “पण गाड्या किती येतात ते कुठे माहितीय?” मी म्हटलं, मी मोजून देते. शहाणपणा पाजळायची सवय जुनी आहे.

मोजायला चाचांइतका योग्य माणूस गावात दुसरा नव्हता. ते सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत एकाच जागी बसलेले, आणि चौकात येणारं प्रत्येक चाक त्यांच्या नजरेखालून जायचं. लिहिणं-वाचणं त्यांना बेताचंच येतं, पण मोजण्याची त्यांची स्वतःची रीत होती. सायकलच्या चाकात जे छोटे गोल छर्रे असतात, ते त्यांनी एका घमेल्यात घेतले आणि बिस्किटांचे दोन रिकामे डबे समोर मांडले. एक मोटारसायकलींचा, दुसरा जीप-गाड्यांचा. गाडी चौकात येऊन उभी राहिली की त्या डब्यात एक छर्रा. टण्. मधे पंक्चर काढायला घेतलं तरी एक डोळा रस्त्यावर. दुपारी ते नमाजाला गेले तेव्हा त्यांच्या पेटीवर मी बसले आणि टण् टण् करत राहिले. मला फार मजा वाटली होती तेव्हा.

फक्त दिवस कोणता, तो मी ठरवला होता.

होळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्याकडे जो बाजार भरतो तो भोंगऱ्या. होळीच्या सामानाचा बाजार. त्या दिवशी डोंगरातल्या पाड्यापाड्यांतून माणसं खाली येतात, जीपांच्या टपावर बसून, मागे लोंबकळून. डाळ्या, गूळ, खजूर, साखरेचे हार, ढोलाला लागणारं चामडं, सगळी खरेदी त्या एका दिवसात होते. डोंगरातल्या काठी गावच्या होळीला जाणारी मंडळीसुद्धा त्याच दिवशी गावातून पुढे सरकत असतात. रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. गावातलं शेंबडं पोरही सांगेल की भोंगऱ्याच्या दिवसावरून गावाची गर्दी ठरवायची नसते.

चाचांनी तेव्हा सांगितलं होतं. डबे मांडता मांडताच ते म्हणाले होते, “बाई, आज नका मोजू. आज भोंगऱ्या शे. आज बठ्ठा पहाड खाले उतरी ऱ्हायना. उद्या मोजूत ना.”

मी म्हटलं होतं, “उतरू दे की सगळा डोंगर. मोजा हो चाचा. आकडा मोठा दिसला की साहेबांचे डोळे उघडतील.”

पालिकेच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘दिवसाचा प्रकार’. पुढे तीन पर्याय: साधा, बाजाराचा, सणाचा. मी ‘बाजाराचा’ यावर खूण केली. बाजार तर होताच. बाहेरून आलेल्या अभियंत्याला भोंगऱ्या कुठून ठाऊक असणार, हे मला पुरतं माहीत होतं, आणि त्या माहितीवर विसंबूनच मी ती खूण केली. चांगल्या कामासाठी थोडं झाकलं तर काय बिघडतं, असं स्वतःला समजावलं. वर्षातून एकदा डोंगर उतरणाऱ्या आणि एकेका जीपमध्ये वीस-वीस जण दाटीवाटीने बसणाऱ्या माणसांच्या नावावर मी गावाचा सगळा धूर मांडला. मुलांना मी नकाशा काढायला शिकवायचे तेव्हा म्हणायचे, प्रमाण चुकलं की गाव समुद्रात जातं. तेच मी स्वतः केलं.

अभियंत्याला मी त्या दिवशी यातलं काहीही सांगितलं नाही. फाईल मिटून त्याच्याकडे सरकवली आणि बाहेर आले. तावातावाने आत शिरलेली बाई मुकाट्याने जिना उतरतेय, हे बघून शिपायालासुद्धा आश्चर्य वाटलं असणार.

महिनाभरात चौकात फरशी बसली. लालकरड्या ठोकळ्यांची, कडेला पांढरे पट्टे, आत शिरायला कमान. चाचांनी आपलं ठाणं घराच्या ओट्यावर हलवलं. त्यांचं घर आतल्या मोहल्ल्यात, तिसऱ्या वळणावर. पंक्चर झालेली गाडी ढकलत तिथवर कोण जाणार? जुनी चार गिऱ्हाइकं तेवढी जायची.

मी त्यांच्याकडे गेले ते सगळं कबूल करायचं ठरवूनच. ओट्यावर पंप उभा होता, घमेल्यातलं पाणी सावलीतही कोमट झालं होतं. चाचींनी मला आत बसवलं, सरबत दिलं आणि चाचा बाहेर कुणाशी तरी बोलतायत हे बघून खालच्या आवाजात म्हणाल्या, “रोटी अर्धीच ठेवी देतस. बठ्ठा दिन बोटेस्वर काय मोजत ऱ्हातस, कोन जाने.”

मी बाहेर येऊन चाचांजवळ बसले. तोंड उघडणार तोच तेच बोलले. इकडेतिकडे बघत, अगदी हळू.

“बाई, मन्हीच चूक व्हयनी. जीप उनी तवय येक छर्रा टाका, गई तवय आखो येक टाकाई गया व्हई. म्हणीसन आकडा इतला फुगना.”

मला क्षणभर कळलंच नाही ते काय म्हणतायत. येताना मोजलेली जीप जातानाही पुन्हा मोजली गेली, असं त्यांना वाटत होतं. हा माणूस महिनाभर धड जेवत नव्हता तो जागा गेली म्हणून नाही. आपल्या हातून मोजण्यात चूक झाली आणि त्या चुकीने पाच झाडं गेली, असं तो धरून बसला होता. बापाने जिथे दुकान मांडलं तिथलं झाड आपणच पाडलं, असं.

“कोनले सांगू नका,” ते पुढे म्हणाले. “कागदवर सही तुम्हनी शे. तुम्हले त्रास व्हई.”

मला झाकण्यासाठी ते गप्प होते. झाडं कापली त्या सकाळी ‘जाऊ द्या बाई’ म्हणाले ते का, हे तेव्हा उमगलं. आणि मी काय केलं? मी म्हटलं, “नाही हो चाचा, तसं काही नसेल.” बस. एवढंच. खरं सांगायचं धैर्य झालं नाही. तेहेतीस वर्षं मुलांना उभं करून खरं बोलायला लावणारी बाई सरबताचा रिकामा पेला हातात धरून घरी आली. पेला त्यांचा होता, हेही घरी आल्यावर कळलं.

असे तीन आठवडे गेले. लाज वाटते, पण गेले.

मग एका गुरुवारी मी चौकात जाऊन बसले. ना बाजार, ना सण, नुसता गुरुवार. चाचांकडून छर्रे आणि डबे मागून आणले होते, पेला परत द्यायला गेले तेव्हा. कशाला हवेत ते त्यांनी विचारलं नाही. डोक्यावर छत्री धरून मी कमानीजवळच्या कट्ट्यावर सकाळपासून बसले. वाहनतळ मोकळा होता. एक मोटारसायकल आत आली, तिच्यावरच्या माणसाने उतरून सीटवर हात ठेवून पाहिला, फरशीकडे पाहिलं आणि गाडी पुन्हा बाहेर नेली. बाकी सगळ्या गाड्या दवाखान्यासमोरच्या निंबांखाली दाटीवाटीने उभ्या होत्या, आणि उरलेल्या दुकानांच्या पत्र्यांखाली. बैलाला जे कळत होतं ते मोटारसायकलवाल्यालाही कळत होतं. उन्हात तापलेल्या फरशीवर कोणी काही उभं करत नाही. संध्याकाळी मी डबे हलवून पाहिले. भोंगऱ्याच्या दिवशी ते काठोकाठ भरून सांडले होते. आज दोन्ही डब्यांतले छर्रे माझ्या ओंजळीत मावले.

आणि आता दवाखान्यासमोरची रांग जाणार होती. माझ्याच आकड्यावर.

दुसऱ्या दिवशी मी चाचांच्या ओट्यावर गेले आणि डबे त्यांच्यापुढे ठेवले. बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. तुम्ही एकही छर्रा जास्त टाकला नव्हता. तुम्ही बरोबर मोजलं. दिवस चुकीचा होता, आणि तो मी मुद्दाम निवडला होता. तुम्ही भोंगऱ्या आहे म्हणून सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही, आणि कागदावर तो शब्दही लिहिला नाही.

चाचा पान्हा हातात धरून बघत राहिले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. त्याऐवजी त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला.

“म्हंजे मन्ही मोजनी बरोबर व्हती?”

“बरोबर होती चाचा. एकेक छर्रा बरोबर होता.”

त्यांनी आत हाक मारून चाचींना बोलावलं आणि सांगितलं, मोजणी बरोबर होती म्हणून. चाचींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान वर करू शकले नाही. चाचांनी पान्हा खाली ठेवला, हात पुसले. आणि मग जे बोलले ते अजिबात न रागावता बोलले.

“मंग बाई, इतला दिन तुम्ही सांगं कसं नही?”

झाडं कापलेली बघून मला धक्का बसला होता, फाईलमध्ये माझं अक्षर बघूनही बसला होता. पण हा प्रश्न ज्या शांतपणे आला, त्याने मी जी हलले ती आजवर सावरलेली नाही. सहावीत असताना सीट धरून माझ्यामागे पळणारा हा माणूस तीन आठवडे अर्धी भाकरी खात होता आणि मला ते ठाऊक होतं.

मी पिशवीतून कागद काढला. दुसरा टप्पा थांबवावा म्हणून पालिकेला लिहिलेलं पत्र. रात्रभर बसून लिहिलं होतं, शुद्ध, घोटीव, भूगोलाच्या बाईला शोभेल असं. चाचांना म्हटलं, साक्षीदार म्हणून तुमची सही हवी, म्हणून आधी वाचून दाखवते. ते भिंतीला टेकून बसले. चाची उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मी सुरू केलं: ‘जागतिक हवामान बदलाच्या पार्श्वभूमीवर आपल्या शहराने आखलेल्या हरित धोरणाचा विचार करता...’

पत्रात माझ्या चुकीचा उल्लेख होता. चौथ्या परिच्छेदात होता. ‘सर्वेक्षणाच्या दिवसाबाबत काही त्रुटी राहून गेली असण्याची शक्यता’ अशा शब्दांत. तिथवर मी पोचलेच नाही.

चाचांनी हात वर करून मला थांबवलं.

“हाई बठ्ठं नंतर, बाई. पयले लिखा, त्या दिन भोंगऱ्या व्हता.”

मी कागद उलटा केला, त्यांच्या पेटीवर ठेवला आणि पाठकोऱ्या बाजूला पहिल्या ओळीत तेवढंच लिहिलं. मग त्याखाली लिहिलं, की हे मला तेव्हा माहीत होतं. चाचांनी पेन मागून घेतलं आणि त्याच्याखाली सावकाश सही केली.